अनुभव धागा : शाळेतले पाणी, घरातला संडास

2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले, हे सर्वांच्या लक्षात आहे. त्याच उन्हाळ्यात गावोगावच्या शाळांतील टाक्या आणि स्वच्छतागृहे यांचे काय झाले, यावर मात्र फारसे बोलले गेले नाही. आपल्या शाळेत वा घरात ज्यांनी याबाबत काही बदल घडवला, किंवा घडवताना ज्यांचे हात पोळले, त्यांनी तपशिलासह लिहावे. सुरुवात मीच करते.

धाराशिव जिल्ह्यातील एका वस्तीशाळेत मी शिकवत असताना मुलींच्या स्वच्छतागृहाला फरशी होती, रंग होता, भिंतीवर हात धुण्याचे चित्रही होते. पाणी तेवढे नव्हते. त्यामुळे दाराला कुलूप आणि किल्ली माझ्या टेबलाच्या खणात. "बाई, पोरगी शाळेत पाण्याला तोंड लावत नाही, घरी आली की घटाघटा पिते," असे एका आईने सांगेपर्यंत त्यामागचे कारण माझ्या ध्यानात आले नव्हते, याची आजही लाज वाटते. पुढे हात धुण्याच्या नळांखालची मोरी उताराने एका लहान हौदात सोडली आणि तेच पाणी बादलीने संडासात वापरू लागलो. साबणाचे ते पाणी दोन दिवसांत वास मारते, हे आधी कोणी सांगितले नव्हते. तेव्हापासून शाळा सुटताना हौद रोज रिकामा करण्याचा नेम ठेवला. कुलूप निघाले, ते पुन्हा लागले नाही.

— मी परभणी जिल्ह्यातील एका गावात जलसुरक्षक, म्हणजे गावाच्या पाण्याचे शुद्धीकरण पाहणारा, होतो. हजार लिटरला पाच ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग पावडर), त्यानंतर अर्धा तास थांबायचे, हे तोंडपाठ होते. तरीही ओटी चाचणीत, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरला आहे का हे रंगावरून पाहण्याच्या चाचणीत, पाणी पिवळे होईना. मात्रा वाढवून पाहिली, तेव्हा चूक पावडरीच्या पोत्यात सापडली. टाकीखालच्या दमट खोलीत ते तोंड उघडे टाकून पडले होते आणि त्यातला क्लोरीन केव्हाच उडून गेला होता. झाकणाच्या डब्यात नवी पावडर आणल्यावर पहिल्याच दिवशी रंग आला, आणि "पाण्याला औषधाचा वास येतो" अशी तक्रारही आली. मला त्या तक्रारीचा आनंदच झाला.

— आमच्याकडे 12,000 रुपयांच्या अनुदानात दोन शोषखड्ड्यांचा संडास बसत होता, पण "एवढासा खड्डा चार दिवसांत भरेल" म्हणून वडिलांनी एकच खोल खड्डा खणला, तोही बोअरजवळ. पुढे सासूबाईंच्या घरी मी हट्टाने दोनच उथळ खड्डे घेतले. पहिला भरल्यावर पाणी दुसऱ्यात वळवले आणि दीड वर्षाने पहिला उघडला, तर आत वास नसलेली, भुसभुशीत मातीसारखी चीज. सासूबाईंनी ती लिंबाच्या आळ्यात घातली. वडील अजून बघायला आलेले नाहीत.

हात धुण्याचे असे हौदातले पाणी कोणी वाळू-खडीतून गाळून पाहिले असल्यास थरांची मापे अवश्य कळवावीत. आमच्या शाळेतला थर महिन्याभरात तुंबला.