वजन कमी करून देणाऱ्या केंद्राचे पॅकेज घ्यावे का? बेळगाव परिसरातील अनुभव आणि सल्ला हवा आहे

अबोली, वडगाव

नमस्कार. मी 46 वर्षांची असून येथील एका मराठी शाळेत शिकवते. माझी उंची 157 सेंटिमीटर आणि वजन 78 किलो आहे. गेल्या महिन्यात रक्त तपासले तेव्हा एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारा आकडा, 6.1 आला. हा अजून मधुमेह नाही, पण त्याच्या उंबरठ्यावर आहात, तेव्हा वजन उतरवा, असे डॉक्टरांनी सांगितले. जिना चढताना गुडघेही दुखू लागले आहेत.

टिळकवाडीतील एका केंद्रात चौकशी केली. तीन महिन्यांत 12 किलो कमी करून देण्याची हमी आणि त्यासाठी 36,000 रुपये, पण आजच पूर्ण रक्कम भरल्यास 30,000, असे तिथे सांगण्यात आले. त्यात मशीनवरच्या बैठका, दोन पावडरींचे डबे आणि आहारतक्ता मिळतो. मुलीची कॉलेजची फी याच महिन्यात भरायची असल्यामुळे मी पैसे न देता परत आले. घरात दोन मते आहेत. सासूबाई म्हणतात, भात कमी कर आणि चालायला लाग. यजमान म्हणतात, पैसे भरल्याशिवाय तू मनावर घेणार नाहीस. मला दोघांचेही पटते, म्हणून येथे विचारते आहे.

मार्कंडेय, शहापूर

अबोलीताई, मी चार वर्षांपूर्वी असेच पॅकेज घेतले होते. केंद्राचे नाव लिहीत नाही. मी 28,000 रुपये भरले आणि तीन महिन्यांनी कागदावर साडेसात किलो उतरले. मात्र पहिले वजन त्यांनी संध्याकाळी, मी जेवून शाळेतून थेट गेले असताना, साडीवर घेतले होते आणि शेवटचे वजन सकाळी उपाशीपोटी, हलक्या कपड्यांत घेतले. हा फरकच दीड-दोन किलोंचा असतो, हे मला घरच्या काट्यावर पाहिल्यावर कळले. कमरेचे मापही तसेच घेत. पहिल्या दिवशी टेप सैल असे आणि मशीनवरून उतरल्यावर तीच टेप घट्ट ओढली जाई.

तक्त्यात ओट्स, ब्रोकोली आणि ऑलिव्ह तेल होते. आमच्या घरी जोंधळ्याची भाकरी, आमटी आणि भात असतो, त्यामुळे मी तीन महिने माझ्यासाठी वेगळे रांधले. चौथ्या महिन्यात गणपती आले, घर पाहुण्यांनी भरले आणि वेगळे रांधणे सुटले. दिवाळीपर्यंत वजन पूर्ववत झाले. मला पैशांपेक्षा एका गोष्टीचे अधिक वाईट वाटले. वजन परत आल्यावर मी पुन्हा तिथे गेले, तेव्हा त्यांनी चूक माझी आहे असे सांगून नवे पॅकेज पुढे केले, आणि ते मला त्या वेळी खरेही वाटले.

वेदगंगा, निपाणी

अबोलीताई, मी एका रुग्णालयाच्या आहार विभागात सव्वीस वर्षे काम करून निवृत्त झाले आहे. तुमचा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा असल्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी ती हमी तपासू. 78 किलोंतले 12 किलो म्हणजे शरीराच्या वजनाचा पंधरा टक्के भाग. सध्या ज्यांची फार चर्चा आहे त्या आठवड्यातून एकदा घ्यायच्या, वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांपैकी सेमाग्लुटाइडची मोठी चाचणी 2021 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात आहार आणि व्यायामाचा सल्ला देऊनही सरासरी घट 14.9 टक्के झाली, आणि तिला 68 आठवडे लागले. त्या औषधाला सव्वा वर्षाहून अधिक काळ लागला तेवढी घट तेरा आठवड्यांत करून देण्याची हमी हे केंद्र देत आहे. अशी हमी पाळली जाते ती बहुधा मार्कंडेय यांनी सांगितलेल्या पद्धतीने, किंवा उपासमार करून. उपासमारीत चरबीबरोबर स्नायूही झिजतात, आणि गुडघे दुखणाऱ्या बाईला मांडीचे स्नायू गमावणे परवडणारे नाही.

पहिल्या आठवड्यात दोन-तीन किलो उतरतात आणि माणूस हरखून जातो. ते बहुतेक पाणी असते. यकृतात आणि स्नायूंत साठवलेल्या ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेले असते, आणि भात-भाकरी एकदम तोडली की तो साठा आणि त्याबरोबरचे पाणी निघून जाते. पैसे वसूल झाल्याची भावना नेमकी याच आठवड्यात निर्माण होते. मशीनच्या कंपनाने किंवा पट्ट्यांच्या उष्णतेने मात्र चरबी वितळून बाहेर पडत नाही. घाम जातो आणि पाणी प्यायले की वजन परत येते.

तरीही असे कार्यक्रम सरसकट खोटे आहेत, असे मी म्हणणार नाही. वेट वॉचर्स ही अमेरिकी कंपनी 1963 पासून आठवड्याच्या बैठका घेते. तिच्या कार्यक्रमाची 423 जणांवर दोन वर्षे चाललेली तुलना 2003 मध्ये प्रसिद्ध झाली. स्वतःच्या बळावर प्रयत्न करणाऱ्यांचे वजन वर्षाअखेर सरासरी 1.3 किलो उतरले, बैठकांना जाणाऱ्यांचे 4.3 किलो. दुसऱ्या वर्षाअखेर हेच आकडे 0.2 आणि 2.9 किलो झाले. म्हणजे कार्यक्रमाचा लाभ खरा आहे, पण तो जाहिरातीतल्या बारा किलोंचा नसून तिनाच्या आसपासचा आहे, आणि दुसऱ्या वर्षात तोही ओसरू लागतो. केंद्रे दर सांगतात तो पहिल्या तीन महिन्यांचा, आणि वजन परत येते ते त्यानंतरच्या एकवीस महिन्यांत. म्हणून तुम्ही त्यांना एकच प्रश्न विचारा. दोन वर्षांपूर्वी पॅकेज घेतलेल्यांची आजची वजने त्यांच्याकडे लिहिलेली आहेत का? तीन महिन्यांपूर्वीची आणि नंतरची छायाचित्रे दाखवू लागले, तर उठून या.

कोणता आहार, यावर फार डोके शिणवू नका. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात चार गाजलेल्या आहारपद्धती 160 जणांवर ताडून पाहिल्या गेल्या. वर्षाअखेर चारही गटांची सरासरी घट दोन ते साडेतीन किलोंच्या आत राहिली. फरक पडला तो पद्धतीने नव्हे, तर माणूस ती किती काळ पाळतो त्याने. म्हणूनच वेगळा स्वयंपाक करायला लावणारा तक्ता आपल्याकडे चौथ्या महिन्यात मोडतो. भाकरी ठेवा, भाताची वाढ निम्मी करा आणि तेवढ्या जागी मटकीची उसळ, हुलग्याचे माडगे, अंडे किंवा ताक घ्या. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांतही दिवसाच्या एकूण ऊर्जेत धान्यांचा वाटा 45 टक्क्यांपेक्षा अधिक नसावा असे सुचवले आहे. आपल्या ताटात तो सहज त्यापुढे जातो.

तुमच्या 6.1 विषयी एक दिलासा देण्यासारखी गोष्ट आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील तीन हजारांवर लोकांवर अमेरिकेत झालेल्या आणि 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सात टक्के वजन उतरवणे आणि आठवड्याला 150 मिनिटे चालणे एवढेच ध्येय ठेवले होते, आणि मधुमेह होण्याचे प्रमाण 58 टक्क्यांनी घटले. तुमच्यासाठी सात टक्के म्हणजे साडेपाच किलो. चेन्नईत 531 जणांवर असाच अभ्यास झाला आणि 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे लोकांची वजने फारशी उतरली नाहीत, तरी आहार आणि चालणे यांमुळे मधुमेहाचे प्रमाण सुमारे 28 टक्क्यांनी कमी झाले. काटा हलला नाही म्हणून चालणे सोडू नका, हे मला यावरून आवर्जून सांगायचे आहे.

मलप्रभाकाठ, खानापूर

वेदगंगाताईंचे बहुतेक म्हणणे मान्य आहे, पण पैसे देणे वायाच जाते असे कोणी समजू नये म्हणून लिहितो. मी बँकेत नोकरी करतो. मोबाइलवरील एका कार्यक्रमाचे सहा महिन्यांचे शुल्क भरले, त्यात दर रविवारी एका आहारतज्ज्ञ बाईंचा फोन येत असे. 92 किलोंवरून मी 84 वर आलो आणि दीड वर्ष तिथेच आहे. ॲपमधले तक्ते मी पहिल्या महिन्यानंतर उघडलेही नाहीत. रविवारी कोणीतरी विचारणार आहे, एवढ्यासाठी शनिवारच्या लग्नात हात आखडता घेतला जाई. अबोलीताईंचे यजमान म्हणतात त्यात तथ्य आहे, हा माझा अनुभव आहे.

वेदगंगा, निपाणी

तुमचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. तुम्ही पैसे दिले ते त्या फोनसाठी, आणि ते योग्य ठिकाणी गेले. वेट वॉचर्सची सुरुवातसुद्धा न्यूयॉर्कच्या एका गृहिणीने, जीन निडेच यांनी, मैत्रिणींना आठवड्यातून एकदा घरी बोलावून केली होती, आणि तेव्हा त्यात शुल्क नव्हते.

पावडरींचे राहिले होते. त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली उपयोगी पडू शकतात. ब्रिटनमधील 2017 च्या एका चाचणीत दिवसाला 825 ते 853 कॅलरींच्या अशा आहारावर निम्म्याजवळ लोकांचा मधुमेह वर्षभरात औषधांविना आटोक्यात आला. पण तिथे पहिल्याच दिवशी मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या थांबवल्या होत्या, आणि नंतर जेवणाकडे परतण्याचे टप्पे आखून दिले होते. आपल्याकडे अशा पावडरी विकणाऱ्या न्यूट्रिशन क्लबमध्ये हाच डबा गोळ्यांची चौकशी न करता हातात देतात. साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना जेवण असे तोडल्यास साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते.

चव्हाट गल्ली

कायद्याच्या बाजूने थोडे लिहितो. पैसे भरण्यापूर्वी करारपत्राची प्रत मागून घ्या, आणि ते इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये असून नीट समजत नसेल तर घरी आणून कोणाकडून तरी वाचून घ्या. "भरलेली रक्कम परत मिळणार नाही" हे वाक्य बहुतेक करारांत असते, पण ते लिहिले म्हणून दाद मागण्याचा हक्क संपत नाही. हमी तोंडी असेल, तर ती पावतीवर लिहून मागा. लिहून द्यायला नकार मिळाला की तिची किंमत आपोआप कळते.

2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते, त्यामुळे मुख्य कार्यालय बेंगळुरूला किंवा मुंबईला आहे हे उत्तर ऐकून घेण्याची गरज नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर बोलून पाहा, तिथे मराठीतही बोलता येते. औषधाने लठ्ठपणा घालवतो अशी जाहिरात कोणी करत असेल, तर 1954 च्या जादुई उपचारविरोधी कायद्याच्या परिशिष्टात, म्हणजे ज्या आजारांवर अशी जाहिरात करण्यास बंदी आहे त्यांच्या यादीत, लठ्ठपणाचे नाव आहे, हेही लक्षात असू द्या.

अबोली, वडगाव

सर्वांचे मनापासून आभार. मी काल केंद्रात जाऊन दोन वर्षांपूर्वीच्या वजनांविषयी विचारले. ती माहिती गोपनीय असते असे उत्तर मिळाले. नावे नकोत, फक्त आकडे दाखवा, असे म्हटल्यावर विषय बदलला. मी 30,000 रुपये भरणार नाही. त्याऐवजी एका आहारतज्ज्ञांकडे महिन्यातून एकदा जाण्याचे ठरवले आहे, त्यांचे शुल्क भेटीपुरते आहे आणि मला हवे तेव्हा थांबता येईल. आमच्या गल्लीत आम्हा अकरा बायकांची भिशी आहे. तिच्या बैठका महिन्याला होतात, त्या वर्षभर दर शनिवारी भरवून तिथेच सर्वांची वजने लिहावीत असे मी सुचवले, आणि सात जणी तयार झाल्या. सासूबाई व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर सकाळी माझ्याबरोबर चालायला येणार आहेत.

मार्कंडेय, शहापूर

शनिवारी मलाही बोलवा, मी शहापुराहून चालत येईन.

वेदगंगा, निपाणी

काटा सतरंजीवर न ठेवता फरशीवर ठेवा, आणि वेळ एकच ठेवा, शक्यतो सकाळी चहाच्या आधीची. कमरेचे मापही महिन्यातून एकदा, बेंबीच्या पातळीवर, टेप न ओढता घ्या. आपल्याकडच्या स्त्रियांसाठी मर्यादा 80 सेंटिमीटरची मानतात. रक्त तीन महिन्यांनी तपासा, त्याआधी एचबीएवनसीत पुरता बदल दिसत नाही. आणि ज्या शनिवारी वजन वाढलेले असेल, त्या शनिवारी कोणी घरी बसू नये, एवढा नियम भिशीत पहिल्याच दिवशी करून घ्या.