ब्रेकचं १८,९०० रुपयांचं एस्टिमेट: यातलं खरंच काय करायला हवं?

नमस्कार. गाडी २०१७ ची पेट्रोल वॅगन आर, ६१ हजार किलोमीटर झालेत. राहायला पुण्यात, त्यामुळे रोजचं चालवणं सिग्नलला थांबत थांबत. पुढच्या गुरुवारी गणपतीला गुहागरजवळ गावी निघायचंय, उंब्रज-पाटणवरून कुंभार्ली घाट उतरून चिपळूण. गाडीत आम्ही दोघं, मुलगी, सासू-सासरे आणि डिकी भरून सामान. म्हणून शनिवारी गाडी सर्व्हिसिंगला टाकली. तक्रार एकच सांगितली होती: सकाळी गाडी काढताना पुढून चीं असा आवाज येतो.

दुपारी फोन आला, "मॅडम, ब्रेक संपलेत. अशी गाडी घाटात नेऊ नका." मागोमाग व्हॉट्सॲपवर एस्टिमेट. पुढचे पॅड (डिस्कला दोन्ही बाजूंनी घासणारे) १,९००, पुढच्या दोन्ही डिस्क ५,२००, मागचे लायनर (ड्रमला आतून घासणारे) १,७००, दोन्ही ड्रम ४,६००, व्हील सिलिंडर (ऑइलच्या दाबाने लायनर ड्रमवर दाबणारे) १,८००, ब्रेक ऑइल ९००, मजुरी २,८००. पॅड किती उरलेत विचारलं तर म्हणाले, "वीस टक्के." डिस्क का बदलायच्या? "खराब झाल्यात." याच्यापुढे काही नाही.

सासऱ्यांनी ऐकलं आणि म्हणाले, करून टाक गं, जिवापेक्षा पैसे मोठे नाहीत. माझंही तेच मत आहे, ब्रेकमध्ये मला काटकसर करायचीच नाही. पण भीती वाटली म्हणून सगळ्याला हो म्हणायचं, हे पटत नाही. काम थांबवून गाडी घरी आणली.

रात्री स्टेअरिंग पूर्ण एका बाजूला वळवून पुढच्या चाकाच्या मागे टॉर्च मारला. मुलीच्या कंपासपेटीतली पट्टी धरून बघितलं तर बाहेरचा पॅड चारेक मिलिमीटर वाटतोय. आतला दिसत नाही. डिस्क मधे चकचकीत आहे, काठाला गंजकी कडा आलीय, नख अडकतं. ब्रेक दाबल्यावर स्टेअरिंग थरथरत नाही, गाडी एका बाजूला ओढत नाही, पेडलही घट्ट आहे. चीं आवाज पहिल्या दोन-तीन ब्रेकनंतर जातो. ऑइल मॅक्सच्या खुणेपेक्षा बोटभर खाली आहे. मागचं ड्रममध्ये असल्यामुळे काहीच कळत नाही.

यातलं आता करायलाच हवं असं काय, आणि गॅरेजमध्ये जाऊन नेमकं काय बघायला मागू? कृपया लवकर सांगा, हाताशी चारच दिवस आहेत.

— पाटणची लेक

ताई, बावीस वर्षं हेच काम करतोय. सकाळचा आवाज पावसाळ्यात बहुतेक गाड्यांना येतो. रात्रभरात डिस्कवर गंजाचा पातळ थर चढतो, दोन-चार ब्रेकला घासून जातो. पॅड संपल्याचा आवाज वेगळा. पॅडला पत्र्याची एक जीभ असते, ती डिस्कला टेकली की गाडी चालताना बारीक किरकिर होत राहते.

टक्के ऐकू नका, मिलिमीटर विचारा. नवा पॅड साधारण दहाचा, तीनवर आला की बदलायचा. चारही चाकं काढायला लावा आणि आतला पॅड बघा. कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या, पिना सुकल्या की आतला जास्त झिजतो, बाहेरचा बघून फसायला होतं.

डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. मायक्रोमीटरने (जाडी मोजायचं बारीक साधन) समोर मोजायला सांगा. साधा व्हर्नियर (सरकत्या जबड्याची मोजपट्टी) लावला तर काठाची ती कडाच मोजली जाते आणि आकडा जास्त येतो. ड्रमवर तसाच जास्तीत जास्त व्यासाचा आकडा असतो. डिस्क तिच्या आकड्यापेक्षा जाड असेल, ड्रम त्याच्या आकड्याच्या आत असेल आणि खोल चरे नसतील तर डिस्क-ड्रम बदलायचं कारण नाही.

व्हील सिलिंडरची रबरी टोपी मात्र उचलून बघाच. आत ओल दिसली की सिलिंडर बदला, तिथे वाद नको. ऑइल दोन वर्षांत बदललं नसेल तर तेही करा. ते हवेतला ओलावा शोषतं, मग लवकर उकळतं. घाटात ब्रेक तापले की वाफ होऊन पेडल खाली जातं. आणि कमी दिसतंय म्हणून नुसतं वरून भरू नका, पॅड झिजले की पातळी खाली येतेच.

— जुना पाना

सोमवारी अर्धा दिवस रजा टाकून समोर उभी राहिले. मोजायला सांगितल्यावर गॅरेजवाल्यांनी कुरकुर न करता सगळं उघडून दाखवलं. बाहेरचे पॅड चार, पण डावीकडचा आतला जेमतेम अडीच. म्हणजे पॅडबद्दल ते बरोबरच होते. डिस्क कोरलेल्या आकड्यापेक्षा सव्वा मिलिमीटर जाड निघाली, ड्रमही आकड्याच्या आत. मागच्या डाव्या सिलिंडरची टोपी उचलली तर त्यांच्या बोटाला तेल लागलं, आणि त्याच बाजूचा लायनर एका टोकाला काळा-ओला झालेला. मला हीच नोंद सगळ्यात फुगवलेली वाटली होती. ते बघून हात गार पडले.

पॅड, लायनर, दोन्ही सिलिंडर आणि ऑइल केलं, पिनांना ग्रीस लावून घेतलं. मजुरी कमी होऊन १,८०० झाली, एकूण ८,१००. डिस्क-ड्रम ठेवले. जुने पार्ट पिशवीत घालून आणले, सासऱ्यांना दाखवले.

पाना दादा, तुमचे मनापासून आभार. एकच राहिलं. नवे पॅड-लायनर घाटाआधी किती चालवून घेऊ?

— पाटणची लेक

दोनशे-तीनशे किलोमीटर जमलं तर उत्तम, तेवढ्यात कचकचून ब्रेक मारायचे नाहीत. कुंभार्ली दुसऱ्या-तिसऱ्या गियरमध्येच उतरा, पाय पेडलवर ठेवून बसू नका. पेडल मऊ लागलं किंवा जळका वास आला तर कडेला घेऊन अर्धा तास थांबा. चाकावर पाणी ओतू नका, तापलेली डिस्क वाकते.

— जुना पाना