मिशिगनची ‘नऊ’: ॲन आर्बरच्या आइस हॉकी टीमबद्दल माहितगारांनी लिहा

ॲन आर्बरला शिकायला आलेल्या मराठी मुलामुलींना पहिल्याच हिवाळ्यात कुणीतरी यॉस्ट अरीनात ओढून नेतं. डोळा क्रिकेटवर पोसलेला. पक (खेळायची चपटी रबरी चकती) दिसत नाही, खेळाडू मिनिटा-मिनिटाला का बदलतात ते कळत नाही, आणि शेजारचा म्हातारा ‘आमची नऊ’ म्हणून सांगत असतो. ही नऊ म्हणजे मिशिगन विद्यापीठाच्या पुरुष संघाची राष्ट्रीय विजेतेपदं: 1948, 1951, 1952, 1953, 1955, 1956, 1964, 1996 आणि 1998. यादी वाचली की दोन प्रश्न पडतात. पहिल्या नऊ वर्षांत सहा कशी काय? आणि 1998 नंतर एकही का नाही?

ज्यांनी हा संघ वर्षानुवर्षं बारकाईने पाहिलाय त्यांनी इथे लिहावं. एकच विनंती: ‘आम्ही गेलो, खूप थंडी होती, मजा आली’ नको. नियम, आकडे, बर्फ, डावपेच, आणि नवखे कुठे चुकतात ते येऊ द्या. खाली प्रत्येकाचं उत्तर त्याच्या टोपणनावाखाली आहे.

जुनी_कात्रणं

पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर स्पर्धेच्या आकारात आहे. 1948 पूर्वी कॉलेज हॉकीला राष्ट्रीय स्पर्धाच नव्हती. मिशिगनचा अधिकृत संघ 1922-23 च्या मोसमापासूनचा, पहिले कोच जोसेफ बार्स. त्यामुळे पहिल्या पंचवीसएक वर्षांतली ‘राष्ट्रीय विजेतेपदं’ कुणी सांगितली तर ती मोजायची नाहीत, मिशिगनची नाहीत आणि दुसऱ्या कुणाचीही नाहीत.

व्हिक हेलिगर हे मिशिगनचेच जुने खेळाडू, 1944 मध्ये कोच म्हणून परतले. राष्ट्रीय स्पर्धा उभी करण्यात त्यांचा मोठा हात. कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या ब्रॉडमूर हॉटेलची स्वतःची बर्फाची रिंक होती, तिथे स्पर्धा भरली आणि पहिली दहा वर्षं तिथेच भरत राहिली. चार संघ, म्हणजे दोन सामने जिंकले की विजेते. 1948 मध्ये मिशिगनने उपांत्य फेरीत बॉस्टन कॉलेजला 6-4 आणि अंतिम सामन्यात डार्टमथला 8-4 हरवलं. तो 6-4 ओव्हरटाइममधला (बरोबरीनंतरच्या जादा वेळेतला) आहे, आणि दोन गोलांचा फरक पाहून नव्या वाचकाला ती छापण्यातली चूक वाटते. चूक नाही. आजच्यासारखं पहिला गोल झाला की सामना संपला, असं तेव्हा नव्हतं.

1948 ते 1957 या दहाही वर्षी मिशिगन त्या चारांत होतं. दहा वेळा दारात उभं राहायचं आणि दोन सामने जिंकायचे, तर सहा हा आकडा थोर आहेच, पण अशक्य नाही. आता सोळा संघ असतात, चार सामने सलग जिंकावे लागतात, आणि एक हरलात की घरी.

सीमेपलीकडचा

उरलेलं अर्धं उत्तर कॅनडात आहे. कोलिसियम (मिशिगनची जुनी रिंक; यॉस्टमध्ये हॉकी नंतर आली) ज्या खेळाडूंनी गाजवली त्यातले बहुतेक ओंटारिओ आणि सस्कॅचवानकडचे. अमेरिकन शाळांमधून तयार खेळाडू निघण्याआधीच्या काळात जो कोच सीमेपलीकडे पत्रं लिहायचा तोच जिंकायचा. पुढे हीच विद्या इतरांनी जास्त ताणली. डेन्व्हर, कोलोरॅडो कॉलेज, नॉर्थ डकोटा वयाने मोठे कॅनेडियन खेळवतात या भांडणावरून 1958 मध्ये पश्चिमेची लीग फुटली. मिशिगन, मिशिगन स्टेट, मिशिगन टेक आणि मिनेसोटा बाहेर पडले. 1959 मध्ये डब्ल्यूसीएचए नावाने पुन्हा घडी बसली. मिशिगनने तक्रार करणं म्हणजे सौ चूहे खाऊन हजला निघालेली मांजर, असं डेन्व्हरवाले आजही म्हणतात. मुद्दा मात्र वयाचा होता, पासपोर्टचा नव्हता. पंचविशीचा गडी अठरा वर्षांच्या पोराला बोर्डवर (रिंकभोवतीच्या कठड्यावर) दाबतो तेव्हा कौशल्य बाजूला राहतं.

रेड बेरेन्सन सस्कॅचवानमधल्या रेजायनाचे. 1961-62 मध्ये 28 सामन्यांत 43 गोल, आणि कॉलेजचा शेवटचा सामना संपताच थेट मॉन्ट्रियल कॅनेडियन्सकडून एनएचएलमध्ये (उत्तर अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये). कॉलेजमधून मधल्या पायऱ्या न चढता तिथे पोहोचलेला पहिला खेळाडू म्हणून त्यांचं नाव घेतात. त्याआधी ‘कॉलेज हॉकी म्हणजे करिअरची माती’ असा समज होता.

आता ताजा बदल. कॅनडाच्या मेजर ज्युनिअर लीगमध्ये (तिथल्या किशोरांच्या वरच्या लीगमध्ये) खेळलेल्याला व्यावसायिक समजून एनसीएए (अमेरिकन कॉलेज खेळांची संघटना) दार बंद करत असे. नोव्हेंबर 2024 मध्ये तो नियम उठला, 1 ऑगस्ट 2025 पासून लागू. म्हणजे सतरा-अठराव्या वर्षी ‘ज्युनिअर की कॉलेज’ अशी जी एकदाच करायची निवड होती ती संपली. वीस-एकवीस वर्षांचे, दोनशे-अडीचशे सामने खेळलेले पहिल्या वर्षाचे विद्यार्थी आता सगळीकडे दिसणार. 1958 चं भांडण नव्या कपड्यांत परत येणार, बघाच.

एक_दुरुस्ती

नवख्यांसाठी: मिशिगन, मिशिगन स्टेट, मिशिगन टेक, नॉर्दर्न मिशिगन आणि लेक सुपीरिअर स्टेट ही पाच वेगळी विद्यापीठं आहेत आणि पाचही राष्ट्रीय विजेती आहेत. टेक 1962, 1965, 1975. स्टेट 1966, 1986, 2007. लेक सुपीरिअर 1988, 1992, 1994. नॉर्दर्न 1991. यॉस्टमध्ये बसून ‘मिशिगन स्टेट छान खेळतं’ म्हणू नका. तो शेजारचा म्हातारा जागा बदलेल.

उणे_पाच

बर्फाबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून लिहितो. इतिहासातला निम्मा भाग बर्फाचाच आहे.

सुरुवातीच्या मोसमांत कोलिसियममध्ये नैसर्गिक बर्फ होता. थंडी ओसरली की पाणी साचणार आणि सामना बुडणार. विसाच्या दशकाच्या अखेरीस यंत्राने गोठवणं सुरू झालं आणि मग वेळापत्रक लिहिण्यात अर्थ आला. यॉस्टची इमारत 1923 ची, पण ती हॉकीसाठी बांधलेलीच नाही. ॲथलेटिक्स, बास्केटबॉल, घरातला सराव यासाठीचं ते फील्ड हाउस. 1973 मध्ये आत बर्फ आला. म्हणून ती लाल विटांची, उंच कमानींच्या खिडक्यांची वास्तू बाहेरून गिरणीसारखी वाटते आणि आत आवाज घुमतो.

रिंक 200 फूट बाय 85 फूट, म्हणजे साधारण 61 बाय 26 मीटर. काँक्रीटखाली नळ्यांचं जाळं, त्यातून गोठणबिंदूखालचं मिठाचं पाणी किंवा ग्लायकोल फिरतं. बर्फ एकदम ओतत नाहीत. आधी झिरझिरीत फवारा, तो गोठला की दुसरा. मग पांढरा रंग, त्यावर पाण्याचं आवरण, मग निळ्या-लाल रेषा आणि वर्तुळं, पुन्हा आवरण, आणि मग थर चढवत सव्वा इंचापर्यंत. घाई केली आणि खालचा थर नीट गोठला नाही तर रंग वर फुटतो आणि रेषा पसरते. सव्वा इंचापेक्षा जाड झाला तर खालची थंडी वरपर्यंत पोहोचत नाही, बर्फ मऊ पडतो.

पृष्ठभाग उणे पाच अंशांच्या आसपास लागतो. त्याहून गार झाला तर ठिसूळ होतो आणि पात्याखाली टवके उडतात. मऊ झाला तर पक उड्या मारतो आणि पास मधेच अडतो. हिशोब करून पाहा: एक मिलिमीटर थर म्हणजे जवळपास दीड टन पाणी. मध्यंतरात फिरणारं झांबोनी (बर्फ खरवडून वर पाणी टाकणारी गाडी) अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी थर देतं, तरी पाचेकशे लिटर लागतात. ते पाणी गरम असतं, साठ-सत्तर अंश. कारण दोन: गरम पाण्यात विरघळलेली हवा कमी, म्हणून बर्फ घट्ट आणि पारदर्शक होतो, आणि वरचा खरवडलेला थर जरासा वितळून नवा त्याला चिकटतो. गार पाणी टाकलं तर पापुद्रा बसतो आणि स्केटखाली सोलून निघतो.

पाच-साडेपाच हजार माणसं आत आली की त्यांच्या श्वासाची वाफ बर्फावरच जाते. तिसऱ्या पिरियडच्या (वीस मिनिटांच्या शेवटच्या डावाच्या) शेवटी सुंदर पासिंग दिसत नाही यात खेळाडूंचा दोष निम्माच. जाणते संघ तेव्हा पक सरळ गोलच्या तोंडाशी ढकलतात.

गोलच्या_मागून

1996 ची मार्चअखेर, ईस्ट लान्सिंग, समोर मिनेसोटा, आणि मिशिगनच्या माइक लेगचा जाळ्यामागून केलेला तो गोल. सगळे पाहतात, पण त्यात काय काय जुळून यावं लागतं ते सांगतो.

गोल 6 फूट रुंद, 4 फूट उंच. पक 3 इंच व्यासाचा, 1 इंच जाड, साडेपाच ते सहा औंस, सामन्यापूर्वी गोठवलेला म्हणजे उसळत नाही. खेळाडू जाळ्याच्या मागे. पहिली हालचाल दाबण्याची: काठीच्या पात्याचं टोक पकच्या मागच्या कडेवर टेकवून खाली दाबायचं, की पुढची कड जराशी उचलते. लगेच मनगट वळवून पातं त्याखाली सरकवायचं. मग थांबायचं नाही. काठी गोलाकार फिरत राहिली तरच पक पात्याला चिकटून राहतो, बादली गरागरा फिरवली की पाणी सांडत नाही तसा. त्याच वळणात खांबाच्या बाजूने वरच्या कोपऱ्यात ठेवून द्यायचा.

बसतं कारण गोलरक्षक खांबाला चिकटून, गुडघा बर्फावर टेकवून असतो. मागून पक खालूनच येणार हे त्याच्या अंगात भिनलेलं. खांद्यावरची जागा रिकामी.

फसतं कुठे? काठीच्या पात्यावरचा टेप जुना आणि गुळगुळीत असेल तर पक घसरतो. बर्फाचा चुरा साचलेला असेल तर पहिली उचलच होत नाही. आणि पातं गोलच्या आडव्या दांड्याच्या वर गेलं तर पंच गोल रद्द करतो, म्हणून कोपर वर न्यायचा नाही, कमरेतून वळायचं. मिशिगन तो सामना 4-3 जिंकलं, म्हणजे तो गोल शोभेचा नव्हता. लेगची काठी टोरांटोच्या हॉकी हॉल ऑफ फेममध्ये गेली. जगभर या प्रकाराला ‘द मिशिगन’च म्हणतात. लेगच्या आधी बिल आर्मस्ट्राँगने खालच्या लीगमध्ये तो केला होता, लेग त्याच्याकडूनच शिकला. नाव मात्र विद्यापीठाचं लागलं.

निळी_टोपी

मिशिगन विरुद्ध मिशिगन स्टेट या उघड्यावरच्या सामन्यांच्या आकड्यांत नेहमी घोळ होतो. 6 ऑक्टोबर 2001, मिशिगन स्टेटच्या फुटबॉल मैदानावर 3-3 बरोबरी, प्रेक्षक 74,554. 11 डिसेंबर 2010, मिशिगन स्टेडियम, मिशिगन 5-0 ने जिंकलं. त्या दिवशी मैदानात 1,13,411 जाहीर केले, गिनेसने तिकिटांच्या नोंदीवरून 1,04,173 मानले. दोन्ही आकडे ‘बरोबर’ आहेत, फक्त मोजण्याची पद्धत वेगळी. लिहिताना कुठला वापरताय ते सांगा.

उघड्यावर बर्फाचा शत्रू हवेतली उष्णता जितकी, त्याहून जास्त ऊन. गडद रेषा ऊन शोषतात, म्हणून पांढरा भाग टणक असताना निळ्या रेषेवर खड्डा पडतो. त्यामुळे दिवसा रिंक झाकून ठेवतात.

शून्य_अठ्ठ्याण्णव

दुसरा प्रश्न. 1984 ते 2017 बेरेन्सन कोच होते, 848 विजय. 1996 मध्ये सिनसिनाटीत कोलोरॅडो कॉलेजवर 3-2, ओव्हरटाइममध्ये ब्रेंडन मॉरिसनचा गोल. 1998 मध्ये बॉस्टनमध्ये बॉस्टन कॉलेजवर, म्हणजे त्यांच्याच गावात, 3-2, पुन्हा ओव्हरटाइम, गोल जॉश लँगफेल्डचा. दोन्ही वेळा गोलमध्ये मार्टी टर्को. लक्षात घ्या: दोन्ही विजेतेपदं एकेका गोलाची. 2011 मध्ये सेंट पॉलला मिनेसोटा-डुलूथविरुद्ध तोच 3-2, तोच ओव्हरटाइम, फक्त उलट्या बाजूने. संघ खराब झाला म्हणून विजेतेपदं थांबली असं म्हणणाऱ्यांनी हे आकडे शेजारी शेजारी मांडावेत. 1991 ते 2012 सलग 22 वर्षं संघ राष्ट्रीय स्पर्धेत होता. 2010 मध्ये तो सिलसिला तुटणार हे जवळपास ठरलेलं असताना सातव्या मानांकनावरून सीसीएचएची (मिशिगनच्या तेव्हाच्या लीगची) स्पर्धा जिंकून गेले, गोलमध्ये शॉन हनविक, शिष्यवृत्तीशिवाय आलेला, पावणेसहा फूटही नसलेला.

अलीकडचं कारण वेगळं आहे. 1996 मध्ये अमेरिकेचा राष्ट्रीय किशोर संघाचा कार्यक्रम ॲन आर्बरमध्येच सुरू झाला (2015 पासून तो प्लिमथला असतो), त्यामुळे दाराशीच तयार माल. 2021 च्या एनएचएल ड्राफ्टमध्ये (संघ नवे खेळाडू क्रमाने निवडतात त्यात) पहिला ओवेन पॉवर, दुसरा मॅटी बेनिअर्स, चौथा ल्यूक ह्यूज, पाचवा केंट जॉन्सन. पहिल्या पाचांत चार मिशिगनचे. ड्राफ्ट झाला तरी करारावर सही होईपर्यंत कॉलेजात खेळता येतं, म्हणून चौघंही 2021-22 ला एकत्र खेळले. आणि उपांत्य फेरीत डेन्व्हरकडून 3-2, ओव्हरटाइममध्येच, हरले. डेन्व्हरने ती स्पर्धा जिंकून नऊची बरोबरी केली आणि 2024 मध्ये दहावं घेतलं. अशी पोरं एक-दोन वर्षांत निघून जातात. समोर तेवीस-चोवीस वर्षांचे, चार मोसम एकत्र खेळलेले. एका रात्रीच्या सामन्यात हुशारीपेक्षा ते मुरलेपण जास्त चालतं.

2021 चं विसरू नका: राष्ट्रीय स्पर्धेत कोविडमुळे फार्गोत सामन्याच्या दिवशीच माघार. तो पराभवही नाही.

पहिल्यांदा_जाणारे

पक दिसत नसेल तर पक शोधू नका. पाच खेळाडूंची तोंडं कुठे वळलीत ते पाहा. खेळाडू बदलतात कारण पूर्ण जोरात पंचेचाळीस सेकंदांच्या वर पाय चालत नाहीत. जो मिनिटभर राहतो तो बहुतेक अडकलेला असतो, आणि गोल त्याच वेळी बसतो. त्या क्षणी दूरच्या बाकाकडे बघा. दुसऱ्या पिरियडला बाजू बदलल्याने आपला बाक बचावापासून लांब जातो, बदल उशिरा होतात, म्हणून त्या वीस मिनिटांत जास्त गडबड.

गोल झाला की विद्यार्थी समोरच्या गोलरक्षकाकडे बोट करून ‘सीव्ह’ ओरडतात. सीव्ह म्हणजे चाळण. शिव्याही असतात, त्या इथे लिहीत नाही. लहान मुलं बरोबर असतील तर विद्यार्थ्यांच्या स्टँडपासून लांबचं तिकीट काढा.

कपडे बाहेरच्या थंडीपेक्षा एक थर कमी, पण बूट जाड तळाचे. गारठा पायांतून चढतो. सामने बहुधा शुक्रवार-शनिवार जोडीने, त्याच प्रतिस्पर्ध्याशी. एकच परवडणार असेल तर शनिवारचा घ्या: शुक्रवारी काय फसलं ते दोन्ही कोचनी रात्रभर बघितलेलं असतं.