ग्रेट डेन मादी, ७ महिने: नसबंदी आत्ता की थांबू?

मुंगीची_आई (सातारा)
नाव मुंगी, वजन ३८ किलो. परवाच सात महिने पूर्ण झाले. डॉक्टर म्हणतात, पहिल्या माजाआधी ऑपरेशन उरकून घ्या, पुढे स्तनांच्या गाठींची भीती राहत नाही. जिथून आणली ते म्हणतात, दोन वर्षं हात लावू नका, पाय बिघडतील. सासूबाईंचं तिसरंच, "एकदा तरी पिल्लं होऊ देत बिचारीला." कंपाउंडची भिंत चार फूट आणि बाहेर गल्लीतले सहा गडी कायम टपून. कुणाचं ऐकू?

पेठकर
आमच्या गल्लीतल्या कुत्र्या सहाव्या-सातव्या महिन्यातच नेऊन केल्या. सगळ्या ठणठणीत. उगाच डोक्याला ताप.

जुना_डेनवाला (सांगली)
पेठकर, गल्लीतली कुत्री पंधरा-अठरा किलोची, तिची वाढ वर्षाच्या आत आटोपते. डेनचं अंग दोन वर्षांपर्यंत भरत राहतं.

ताई, हाडाच्या टोकाशी कूर्चेची पट्टी असते, ग्रोथ प्लेट. हाड तिथून लांबतं. वयात आल्यावर हार्मोन वाढतात, पट्टीचं हाड होतं आणि लांबी थांबते. अंडाशय त्याआधीच काढलं तर पट्टी जास्त दिवस उघडी राहते, पाय लांबत जातात.

माझा पहिला डेन सहाव्या महिन्यात केला. ताडमाड वाढला, छाती मात्र भरलीच नाही. बायको त्याला बगळा म्हणायची. चौथ्या वर्षी गुडघा गेला आणि मी कित्येक वर्षं ऑपरेशनला शिव्या घातल्या. पण कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या विद्यापीठाने २०२० मध्ये ३५ जातींच्या नोंदी तपासल्या, त्यात लवकर नसबंदी केलेल्या डेनमध्ये सांध्यांचे आजार वाढलेले दिसले नाहीत. सेंट बर्नार्डच्या माद्यांत दिसले. तरी एवढ्या मोठ्या अंगाच्या कुत्र्याला वर्ष चांगलं उलटू द्या, असंच त्यांचंही म्हणणं. आता माझा संशय मी त्याला रोज पाजलेल्या कॅल्शियमच्या बाटलीवर जास्त आहे. डेनच्या पिल्लांवरच प्रयोग झालेत. जादा कॅल्शियम त्यांच्या आतड्याला अडवता येत नाही, हाडांची वाढ बिघडते.

दुसरी, तारा, मी हट्टाने तशीच ठेवली. सहाव्या वर्षी माज होऊन दीडेक महिना झाला असेल, बादलीभर पाणी प्यायला लागली, जेवण बंद. गर्भाशयात पू. रात्री साडेअकराला टेबलावर घेतली. वाचली, पण ती रात्र वैऱ्यालाही नको.

गाठींचं तुमचे डॉक्टर खरं सांगताहेत. १९६९ चा जुना अभ्यास आहे: नसबंदी न केलेल्या कुत्रीच्या मानाने धोका पहिल्या माजाआधी केल्यास अर्धा टक्का, एका माजानंतर ८, दोन झाल्यावर २६. म्हणून मी तिसरीला एकच माज होऊ दिला. तेराव्या महिन्यात आली, पुढे तीन महिने थांबलो, मनगटाचा एक्स-रे काढून पट्ट्या मिटल्याचं पाहिलं, मग ऑपरेशन. त्याच भुलीत जठर पोटाच्या भिंतीला टाचून घेतलं. डेनच्या पोटाला पीळ पडला तर तासांत जीव जातो, हे तुमच्या डॉक्टरांशी आत्ताच बोलून ठेवा.

सासूबाईंना सांगा, पिल्लं झाली नाहीत म्हणून कुत्रीचं काही अडत नाही. आठ-दहा डेन पिल्लांचा खुराक सांगा, आपोआप गप्प बसतील.

मुंगीची_आई
अहो, कॅल्शियम रोज दोन चमचे चालू आहे! आणि माजात ती भिंत?

जुना_डेनवाला
मोठ्या जातीच्या पिल्लांचं तयार खाद्य देत असाल तर वरचं कॅल्शियम बंदच. घरचं वरण-भात-चिकन असेल तर हिशेब वेगळा, डॉक्टरांकडून मोजून घ्या. वजनही आटोपशीर ठेवा, हात फिरवला की बरगड्या लागल्या पाहिजेत.

माज साधारण तीन आठवडे. सुरुवातीला रक्त लाल असतं, ती कुणाला जवळ येऊ देत नाही. रंग फिका पडला की खरी जोखीम. तेव्हा अंगणातसुद्धा साखळीशिवाय नाही. चार फुटांची भिंत तिला नाही अडवणार आणि त्या सहा जणांनाही नाही. ताराच्या वेळी एक महाशय शेजारच्या गोठ्याच्या पत्र्यावरून उतरले होते.