शंभर रुपयांत नाच: काटकसर की फुकटेगिरी?

बाल्कनीकर: वर्षात नाचाचे सात कार्यक्रम बघितले, खर्च पाचशेच्या आत. नवरात्रात देवळात फुकट, अरंगेत्रम (भरतनाट्यम शिकलेल्या पोरीचा पहिला एकटीचा कार्यक्रम) फुकट, बाकी सगळ्यात स्वस्त बाल्कनी. पुढच्या खुर्चीला हजार मोजणारे येडे हायत.

घुंगरूवाली: 'फुकट' वाचून डोकं फिरलं, म्हणून लिहितेय. लेकीच्या अरंगेत्रमला हॉलचं भाडं, मृदंगमवाल्यांची आणि गायिकेची बिदागी, त्यांचं येणंजाणं, पोशाख, वर चारशे पानं जेवण. आमच्या ह्यांनी पतसंस्थेचं कर्ज काढलं, अजून हप्ते चालू आहेत. तुम्ही जेवूनही गेला असाल! आणि बाल्कनीतून काय दिसलं? वर्णम म्हणजे भरतनाट्यममधली मुख्य, मोठी रचना, तिच्यातला अभिनय डोळ्यांत असतो. निम्मा नाच बघितलाच नाही तुम्ही.

बाल्कनीकर: जेवलो. बासुंदी झकास होती. पण ताई, पावलं वरनंच दिसतात. कथकचा तत्कार, म्हंजे पायांचं काम, पहिल्या रांगेतनं बघा, स्टेजच्या कडेच्या स्पीकरमागं पायच गायब. चक्कर घेताना जागा सुटली का, तेही वरनंच कळतंय.

ढोलकी_कडाडली: बैठकीची लावणी बघून दाखवा की बाल्कनीतनं! बाई बसल्या जागी एकाच ओळीवर दहा तऱ्हेनं अदा करती, सगळा खेळ भुवईचा. आमचा आज्जा जत्रेत कनातीत जमिनीवर बसायचा, फडापासनं दहा हातांवर. स्वस्त म्हणजे लांब, हे कुणी ठरवलं?

रंकाळावेस: पहिली रांग विकायला असते का पण? मागं एका हॉलमध्ये सहाशेचं तिकीट काढून नववी रांग मिळाली. पुढं पासवाल्यांचे सोफे. पाऊण तास पाहुण्यांची वाट बघितली, मग दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, भाषण. शेवटच्या तराण्याच्या आधीच पाहुणे उठून गेले. सोफे मोकळे, तरी बसू देईनात!

घुंगरूवाली: पाहुणे नाहीत तर स्मरणिकेला जाहिराती नाहीत. खर्च त्यातून निघतो, तिकिटातून नाही.

रंकाळावेस: म्हणजे माझे सहाशे कशाला घेतले? हळदीकुंकवाला?

जुना_पेठकर: सोफ्यांनी वाटोळं केलं. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या खासबाग कुस्ती मैदानात शेवटच्या माणसालाही आखाडा दिसतो. शेजारचं पॅलेस थिएटर १९१५ चं, तेच पुढं केशवराव भोसले नाट्यगृह झालं. ८ ऑगस्ट २०२४ ला रात्री ते पेटलं, तेव्हा रस्त्यावर आम्ही ढसाढसा रडलो. त्या गर्दीत पासवाले किती होते?

ढोलकी_कडाडली: काका, प्रत्येक चर्चेच्या धाग्यात ती आग आणायलाच पाहिजे काय?

जुना_पेठकर: तुझं वय काय रे? तिथं एक तरी प्रयोग बघितलास का?

ढोलकी_कडाडली: बघितला. तिसऱ्या रांगेत. पासवर. आता बोला.

जुना_पेठकर: बोलायचं काय राहिलं मग!

घुंगरूवाली: विषय तिकिटाचा होता. बाल्कनीकर, पायांचं पटलं, नाइलाजानं. पुढच्या महिन्यात क्लासच्या मुलींचा कार्यक्रम आहे, तिकीट दीडशे. काढून या.

बाल्कनीकर: बाल्कनीला शंभर करा, येतो. जेवण नको.

रंकाळावेस: सोफे काढा, मी दोनशे देतो.

घुंगरूवाली: पहिला सोफा सासऱ्यांचा आहे. तो राहील.