थेरेमिनचा सा जागेवर राहत नाही, काय करू?

पेटीवाला_फोंडा:
नमस्कार मंडळी. मी भजनात पेटीची साथ करतो. पेटीवर मींड निघत नाही हे जुनं दुखणं, म्हणून हौसेनं थेरेमिनचं किट मागवलं, ते हात न लावता वाजवायचं इलेक्ट्रॉनिक वाद्य. जोडलं, वाजलंही, पण सा धरून उभा राहिलो की दोन मिनिटांत तो सरकतो, आई चहा घेऊन आत आली की एकदम वर चढतो आणि पंखा लावला की आपोआप आंदोलन सुरू. किट खराब की मीच?

सोल्डरवाला_काका:
किट ठणठणीत आहे हो. आत दोन ऑसिलेटर (विजेची कंपनं तयार करणारी सर्किटं), दोन्ही रेडिओ फ्रिक्वेन्सीवर, म्हणजे कानाला ऐकूच येत नाहीत. एक स्थिर, दुसऱ्याला तो उभा अँटेना. तुमचा हात आणि अँटेना मिळून छोटा कपॅसिटर, म्हणजे विजेचा भार साठवणारा भाग, होतो, हात जवळ नेला की दुसऱ्याची फ्रिक्वेन्सी जरा उतरते आणि दोघांतला फरक तेवढा सूर म्हणून ऐकू येतो. फरक वाढला की सूर चढला. आता त्या यंत्राला हात कुठला नि आई कुठली काय कळणार! पंख्याची पातीही तसलीच. आधी पंधरावीस मिनिटं नुसतं चालू ठेवा, अर्थिंग बघा, लोखंडी कपाटापासून लांब न्या आणि मग ट्यून करा.

म्हापसा_व्हायोलिन:
दादा, खरी मेहनत पुढेच आहे. मींड इथे फुकट मिळते, खडा सूर लावायला घाम फुटतो, पेटीच्या बरोबर उलट. डाव्या हातानं त्या आडव्या कडीजवळ (आवाज लहानमोठा करणारा दुसरा अँटेना) आवाज कापायला शिका, नाहीतर प्रत्येक सुरामागे फरफट ऐकू येते. थेरेमिन वाजवणारी क्लारा रॉकमोर ऐका. हाताच्या दुखण्यानं तिचं व्हायोलिन सुटलं, मग हिनं हवेतच बोटं उघडत मिटत सूर घ्यायची पद्धत बसवली. आणि तंबोरा लावल्याशिवाय उभे राहू नका.

रेडिओ_मडगाव:
थोडं अवांतर. हे काढणारा लेव तेर्मेन रशियन फिजिसिस्ट, वायू मोजायचं यंत्र करताना १९२० च्या सुमारास हे हाती लागलं, १९२२ मध्ये लेनिनला वाजवून दाखवलं, १९२८ मध्ये अमेरिकेत पेटंट. पुढे मॉस्कोतल्या अमेरिकन राजदूताच्या घरी लाकडी मानचिन्हात लपवलेलं बिनबॅटरीचं ऐकण्याचं यंत्र, तेही ह्याचंच!

पेटीवाला_फोंडा:
काका, पंखा बंद, दार बंद, शर्ट भिजला पण सा टिकला. ग वरून सा वर आलो, मधला रे कुठे विरघळला कळलंच नाही. आई बाहेरून विचारते, आत कोण रडतंय रे?