सिव्हिलायझेशन ५ : सोपा झाला की पोकळ?

प्रश्न : ‘सिव्हिलायझेशन’ या संगणकावरील रणनीतीच्या खेळाच्या २००५ च्या चौथ्या भागातील धर्म आणि हेरगिरी वगळून २०१० मध्ये आलेला हा पाचवा भाग किमान २ जीबी रॅम मागतो, खेळ सोपा करून संगणक मात्र त्या काळी महागडा मागण्यात काय हशील होते?

पहिले उत्तर : नकाशाच्या एका षटकोनी घरात एकच लढाऊ तुकडी हा नियम सोपा मुळीच नाही. पूर्वी तुकड्यांचा ढीग एकाच चौकोनात रचून शहरावर सोडता येई. आता खिंडीत भालाईत पुढे आणि धनुर्धारी मागे ठेवताना घाम फुटतो.

दुसरे उत्तर : ही मांडणी आपल्याला निदान जमते तरी, संगणकाचा सेनापती तोफाच आघाडीवर आणतो! शिवाय मोठ्या नकाशावर उत्तरार्धातील रखडपट्टी प्रोसेसरमुळे होते, त्यामुळे नुसते ग्राफिक्स कार्ड बदलून भागत नाही.

तिसरे उत्तर : ग्राफिक्स कार्ड जुने असल्यास ‘स्ट्रॅटेजिक व्ह्यू’ हा सपाट नकाशा लावावा. धर्म आणि हेरगिरी २०१२ च्या ‘गॉड्स अँड किंग्ज’ या पुरवणी-भागात परतली, अर्थात वेगळे पैसे मोजून.